फिशेलकाकांची हातभर भिंत

फिशेल ग्रोसबार्ट यांनी जन्मभर दोन गोष्टी टाळल्या: मरण आणि शेजारी. मरण आत्तापर्यंत तरी टळलं होतं. शेजारी काही टळले नाहीत, कारण बारा वर्षांपूर्वी डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या त्यांच्या बैठ्या घराला लागून असलेलं घर नागपूरच्या खानझोड्यांनी घेतलं आणि तिसऱ्याच दिवशी देवयानी खानझोडे बेसनाचे लाडू घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली.

दार उघडलं ते रंगानं बरबटलेल्या पायजम्यातल्या एका बुटक्या म्हाताऱ्यानं. देवयानीनं डबा पुढे केला आणि सवयीनं ‘काका’ म्हणाली. म्हातारा दाराची चौकट धरून हसत सुटला. इतका हसला, की फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवावी की काय असं तिला वाटलं. यिडिश ही त्यांची, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची, घरची बोली, आणि तिच्यात काका म्हणजे लहान पोरं चड्डीत करतात ते. “एकोणऐंशी वर्षांनी कोणीतरी मला खऱ्या नावानं हाक मारली,” असं म्हणून त्यांनी डोळे पुसले आणि उभ्या उभ्या दोन लाडू संपवले. देवयानीनं कानकोंडी होऊन सांगितलं, की आमच्याकडे वडिलांच्या भावाला काका म्हणतात. तेव्हा मात्र ते जरा थांबले. “मला चार होते,” ते म्हणाले. “सध्या सगळ्या जागा रिकाम्या आहेत. म्हण तू.”

तेव्हापासून ते फिशेलकाका झाले. दिवाळीला फराळ त्यांच्याकडे जाई आणि त्यांच्याकडून टीका परत येई. चकली चांगली आहे पण दात कोणाचे तोडायचे ठरवलं आहे, असं विचारत. देवयानीची मुलगी शिवांगी तेव्हा तीन वर्षांची होती. तिला त्यांनी पोलिश भाषेतल्या चार शिव्या शिकवल्या, त्या ती आजही भारतातल्या आजीला व्हिडिओ कॉलवर मोठ्या प्रेमानं म्हणून दाखवते.

माणूस रंगाऱ्याच्या पोटचा आणि स्वतःही रंगातच हयात घालवलेला. चौदाव्या वर्षी, युद्ध संपल्यावर, अनाथ पोरांच्या बोटीतून अमेरिकेत आले. डेट्रॉइटच्या एका कार कारखान्यात एकतीस वर्षं गाड्यांच्या अंगावर बारीक रेघ ओढायचं काम केलं. लांब केसांचा ब्रश घ्यायचा, श्वास रोखायचा आणि पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत एका दमात रेघ न्यायची. ती हलली तर गाडी परत. “आता तिथे स्टिकर चिकटवतात,” काका सांगत, “माकडालाही जमेल, पण माकड युनियन मागेल.” नोकरीतून उरलेला सगळा वेळ त्यांनी चित्रं काढण्यात घालवला. बायको होती तोवर ती त्यांना जेवायला बोलवायची, ती गेल्यावर तेवढाही व्यत्यय राहिला नाही.

आणि चित्रं तरी कसली? लॉन कापणारे शेजारी, सगळे पाठमोरे, कारण काकांच्या मते माणसाचा खरा स्वभाव मागून दिसतो. लग्नातल्या बुफेपुढे प्लेट छातीशी धरून घुसलेल्या बायका. दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड वासून पडलेले रॅबाय, म्हणजे त्यांचे धर्मगुरू. स्नो ब्लोअरशी झुंजणारा सत्यजित, हा देवयानीचा नवरा. ते चित्र त्यांनी खानझोड्यांना भेटच दिलं. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढा कॅनव्हास कोरा सोडलेला. काकांच्या प्रत्येक चित्रात असा एक कोरा तुकडा असे. सत्यजित इंजिनिअर, त्याला अर्धवट काम बघवत नाही. त्यानं विचारलं, “काका, एवढं राहिलं का?” काका म्हणाले, “सही करणार होतो, पण नाव विसरलो.” दुसऱ्या कोणी विचारलं, की सांगत, रंग संपला. तिसऱ्याला सांगत, उत्साह संपला. शेवटी सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं, की म्हातारा आळशी आहे.

युद्धाचं चित्र त्यांनी एकही काढलं नव्हतं. एकदा एका स्मारक-संग्रहालयातून एक बाई आल्या. नाझींच्या छळातून वाचलेल्या चित्रकारांचं प्रदर्शन भरवत होत्या. फार सौजन्यानं, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, की काटेरी तारा, धूर, असं काही तुमच्याकडे आहे का? काकांनी त्यांना चार फुटी कॅनव्हासवर रंगवलेलं एक सँडविच दिलं. मांसाचे थर, मोहरीची चटणी, बाजूला खारवलेली काकडी. खाली नाव लिहिलं: ‘१९४२ मध्ये मी फक्त याचाच विचार करत होतो.’ बाईंना हसावं की रडावं ते कळेना. चित्र मात्र त्यांनी नेलं. मग शिवांगीच्या शाळेत त्यांना बोलावलं, तेव्हा एका मुलानं विचारलं, लपला होतात तेव्हा भीती वाटली का? काका म्हणाले, “लघवी लागली होती. दोन दिवस. इतिहासाच्या पुस्तकात हे छापत नाहीत.” पोरं हसली, वर्गाच्या बाई लाल झाल्या, आणि कुठे लपला होतात हे विचारायचं राहूनच गेलं.

देवाशी त्यांचं उभं वैर. वर्षातल्या सगळ्यात कडक उपासाच्या दिवशी ते मुद्दाम हॉटेलात जाऊन धर्माला वर्ज्य अशा डुकराच्या मांसाचं सँडविच मागवत आणि खिडकीजवळच्या टेबलावर बसून खात. “मी रागावलोय हे त्याला दिसायला नको?” असं वर विचारत. देवच नाही म्हणणाऱ्यानं त्याच्यावर इतकं रागवावं याची देवयानीला गंमत वाटे.

तर अशा या माणसाच्या घरात सगळ्या भिंती चित्रांनी खच्चून भरलेल्या, आणि दार उघडल्यावर बरोबर समोर दिसणाऱ्या भिंतीवर मात्र काहीच नाही. चित्र नाही, रंग नाही, वरचा गिलावासुद्धा नाही. हातभर लांब, हातभर रुंद असा एक करडा, खडबडीत चौकोन. आपल्याकडे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत कापड मोजतात तेवढा. साठ वर्षांत त्याच्या कडा ठिसूळ झाल्या होत्या आणि खाली रोज थोडी भुकटी पडे. बारा वर्षांत देवयानीनं त्याबद्दल एकदाही विचारलं नाही. तिला वाटे, पूर्वी कधी पाणी मुरलं असेल, दुरुस्त करायचं राहिलं असेल. एकट्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्या घरातली पडझड काय दाखवायची? आपल्या लोकांना एखाद्याचा पगार विचारायला लाज वाटत नाही, पण असं काही विचारायची मोठी भीड पडते.

गेल्या सप्टेंबरात काका पडले. पडण्याचं कारण सांगायला लाज वाटावी असं होतं: कचऱ्याचा डबा रस्त्याकडे ओढत नेताना समोरच्या घरातल्या कुत्र्याला जीभ दाखवायला वळले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग पाच आठवडे रिहॅब सेंटर. त्यातच छाती भरली, आणि फुप्फुसं आता नाजूक झाली आहेत, धूळ अजिबात चालणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

ॲरिझोनातून मुलगा आला, मॉरी. मुलगा स्वभावानं चांगला होता आणि काकांच्या दृष्टीनं तोच त्याचा दोष, कारण त्याच्याशी मनाजोगतं भांडता येत नसे. त्यानं त्याच्या गावात वृद्धांसाठीची एक जागा बघून ठेवली होती. ऊन आहे, पोहायचा तलाव आहे, चित्रकलेचा वर्गही आहे. “मला वर्ग?” काका पलंगावरून ओरडले. “कोण घेतं? कोणीतरी निवृत्त दंतवैद्य सूर्यास्त काढायला शिकवत असेल!” शेवटी बापलेकात तह झाला. घर तपासायला थेरपिस्ट येते, तिनं ‘घर सुरक्षित’ असा शेरा दिला तर काकांनी इथे राहायचं. नाही दिला, तर मंगळवारचं विमान. “मला माझ्याच घरात मरू दे, देवी,” काका देवयानीला म्हणाले. तिचं नाव ते असंच अर्धं घेत. “मरणार नाही लगेच, पण जागा तरी माझी असू दे.” त्या दिवशी त्यांनी एकही विनोद केला नाही, आणि देवयानीला त्याचीच धास्ती वाटली. तिचे बाबा नागपुरात गेले तेव्हा ती व्हिसाच्या घोळात इथे अडकून पडली होती. काकांच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

थेरपिस्ट होत्या मिसेस ड्वायर, उंच आणि अबोल. त्या घर बघून अकरा कामांची यादी देऊन गेल्या, काका घरी आल्यावर सोमवारी परत तपासायला येणार होत्या. बाथरूममध्ये आधाराचे दांडे, पायऱ्यांवर उतरण, सतरंज्या काढून टाका, वगैरे. नववं काम: दर्शनी भिंतीचा गिलावा सुटतो आहे, धूळ होते, भिंत बंद करून घ्या.

देवयानी एका कंपनीत गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासते. तिच्या हातात यादी दिली की पुढचं विचारायला नको. चार दिवसांत दहा कामं उरकली. नवव्याला सत्यजित अडखळला. “एकदा काकांना कॉल करून कन्फर्म करू या का?” तो म्हणाला.

“अरे, कशाला? त्यांना ऑकवर्ड होईल. घर मेंटेन केलं नाही म्हणून ते टाळतच असणार. आपण सरप्राइज देऊ.”

“तेही खरंय यार. आणि वास्तूच्या दृष्टीनं दारासमोर असं भगदाड बरं नाही.”

“तू वास्तू कधीपासून मानायला लागलास?”

“मानत नाही. पण रिस्क कशाला?”

आणि सत्यजित त्या भिंतीला भिडला. व्हिडिओ बघून बघून गिलावा भरला, तीनदा घासला, मोतिया रंगाचे दोन हात दिले. टॉर्च तिरका धरून कुठे उंचवटा दिसतो का ते पाहिलं. दिसत नव्हता. चौकोन कुठे होता ते सत्यजितला स्वतःलाही सांगता आलं नसतं. एवढं नितळ काम त्यानं स्वतःच्या घरात कधी केलं नव्हतं, हे देवयानीनं त्याला लगेच ऐकवलंही.

गुरुवारी दुपारी काका घरी आले. मॉरी आदल्या दिवशी परत गेला होता. सत्यजितनं व्हीलचेअर नव्या उतरणीवरून वर ढकलली, देवयानीनं दार उघडलं, शिवांगी आत हातात फुगा घेऊन उभी. काकांचं तोंड रस्ताभर चालूच होतं, नर्सच्या चालण्याची नक्कल करत होते. आत आल्यावर ते मधेच थांबले. समोर बघत राहिले. त्यांनी नाकानं वास घेतला.

“हे कोणी केलं?”

“मी, काका!” सत्यजित छाती फुगवून म्हणाला. “ओळखू येतंय का बघा कुठे होतं ते!”

काकांचे ओठ पांढरे पडले होते. खुर्चीची चाकं त्यांनी स्वतःच्या हातानं उलटी फिरवली, भिंतीकडे पाठ केली आणि म्हणाले, “मॉरीला फोन लाव. सांग, विमान ठेव.”

“ही इज नॉट ओके, आई,” शिवांगी पुटपुटली. ते तर कोणालाही दिसत होतं.

देवयानीनं सत्यजितला आणि पोरीला घरी पाठवलं. चहा केला. चहा निवला. शेवटी ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि जे बारा वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं ते तिनं विचारलं: “काका, तिथे काय होतं?”

काका बोलायला लागले ते चेष्टेनंच.

“माझा बाप रंगारी होता. पोलंडमध्ये, रादोमजवळच्या एका गावात. ज्यू लोकांच्या घरांना गिलावा करायचा, रंग द्यायचा, आणि प्रत्येक घरात दारासमोर एक हात भिंत तशीच सोडायचा. उघड्या विटा. का? तर जेरुसलेममधलं आमचं मंदिर पाडलं, म्हणून ज्यू माणसानं स्वतःचं घर पुरतं सजवायचं नाही. कधी पाडलं? दोन हजार वर्षांपूर्वी! अगं, इतक्या काळात माणूस बायकोचं बोलणंसुद्धा विसरतो. आमच्याही घरात होता चौकोन. आई कुरकुरायची, पाहुण्यांना पहिलं दर्शन विटांचं. बाप म्हणायचा, जगात माझाच एक धंदा असा आहे, की ज्यात न केलेलं कामही काम धरतात.”

देवयानीला हसू आलं आणि तिनं ते दाबलं.

“हस, हस. तोही हसायचा. मग बेचाळीस साल आलं. जर्मन लोक आजूबाजूच्या गावांतली माणसं रेल्वेत कोंबून न्यायला लागले. लोक भिंतींच्या मागे लपायचे, आणि पोलीस भिंती बघत फिरायचे. ओला गिलावा दिसला, ताजा रंग दिसला, की फोड. ताजा रंग म्हणजे मरण, असं माझा बाप म्हणाला. रंगारी म्हणाला हे! मग त्यानं त्या चौकोनातल्या विटा सोडवल्या. मागे जुनं, बंद धुराडं होतं. मला आत बसवलं आणि विटा परत रचल्या, सांधे राखमातीनं भरले. वर्षानुवर्षं उघडीच असलेली भिंत, तिच्याकडे कोण बघतो?”

त्यांनी थंड चहाचा एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“जागा माझ्यापुरती. दाबून बसवलं असतं तर गित्तलही मावली असती. माझी बहीण. चार वर्षांची. पण तिला डांग्या खोकला झाला होता.”

देवयानीनं हातातला कप जमिनीवर ठेवला.

“आईनं तिला कडेवर घेतलं. शेवटची वीट लावताना बाप मला म्हणाला, मुतलास तरी चालेल, पण आवाज नको. मग ते आले. भिंती ठोकल्या, कपाट उलटं केलं. मला काही दिसत नव्हतं. गित्तल खोकत होती ते ऐकू येत होतं. जिना उतरून रस्त्यावर जाईपर्यंत ऐकू येत होतं. तिसऱ्या दिवशी मी विटा ढकलल्या आणि बाहेर आलो. पुढे एका धोबिणीनं अडीच वर्षं बटाट्याच्या तळघरात ठेवलं, रोज मारायची आणि रोज जेवायला द्यायची. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.”

“आणि इथला चौकोन?”

“हे घर बासष्ट साली नवं बांधत होते. गिलावेवाल्याला सांगितलं, एवढं सोड. त्याला वाटलं मी वेडा. देवासाठी नाही सोडला, देवाशी माझं बोलणं बंद आहे. त्यांना घर ओळखता यावं म्हणून सोडला.”

“कोणाला, काका?”

“बापाला. आईला. मला कळतं गं. एक्क्याण्णव वर्षांचा आहे, खुळा नाही. कोणी येणार नाही. तरी खूण असावी.” मग एकदम चिडून म्हणाले, “बारा वर्षांत एकदा विचारलं नाहीस!”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

“आणि मी इतकी वर्षं समजत होतो, की या भारतीय लोकांना न सांगता कळतं, म्हणून विचारत नाहीत!”

देवयानी तिथे जमिनीवर बसून रडली. चांगलं करायला गेलो आणि या माणसाच्या आईबापांची एवढीशी जागा आपण बुजवून टाकली, याची तिला इतकी लाज वाटली, की त्यांच्याकडे बघवेना. घरी जाऊन तिनं सत्यजितला सांगितलं, तर तो तडक हातोडी घेऊन हजर झाला. “काका, आत्ता फोडतो. किंवा सोमवारी त्या बाई येऊन जाऊ देत, मग फोडतो.”

“खाली ठेव ती,” काका म्हणाले. “फोडलेली भिंत वेगळी आणि सोडलेली वेगळी. फोडायला तेही आले होते.”

शुक्रवारचा सगळा दिवस ते भिंतीकडे पाठ करून बसले. देवयानीनं मॉरीला फोन काही लावला नाही, नेटवर्क नाही म्हणून सांगितलं. ट्रॉयच्या भर वस्तीत नेटवर्क नाही हे काकांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं, तेव्हा तिला थोडी आशा वाटली. शनिवारी सकाळी त्यांचाच फोन आला. “रंग घेऊन ये. टर्पेंटाइनचे नकोत, डॉक्टर बोंबलेल. पाण्यातले आण.”

पाण्यातले रंग फक्त शिवांगीकडे होते, शाळेच्या प्रोजेक्टमधून उरलेले ॲक्रिलिक. काकांनी ट्यूब उघडून हुंगली. “प्लास्टिक! सत्तर वर्षं चित्रं काढून शेवटी प्लास्टिक!” मग त्यांनी खुर्ची भिंतीजवळ न्यायला लावली, स्वतःचा हात कोपरापासून बोटापर्यंत भिंतीला लावून चौकोन मापला आणि पेन्सिलीची खूण केली. चौकोन पूर्वीच्याच जागी पडला, इंचाचाही फरक नाही.

दोन दिवस ते काम करत होते. अर्धा तास रंगवायचं, तासभर डुलकी. देवयानीला तांबड्यात काळा किती घालायचा ते सांगत आणि तिनं घातला की चूक म्हणत. विटा उमटायला लागल्या. हातानं थापलेल्या, कडा झिजलेल्या, एक काळपट, एक भाजताना तडकलेली. विटांमधले सांधे त्यांनी लांब केसांच्या ब्रशनं ओढले, श्वास रोखून, एका दमात, आणि त्या वेळी हात जराही कापला नाही. मधेच पोलिश शिव्या, मधेच एखादं गाणं. चौकोनाच्या मध्यावर त्यांनी काळा रंग भरायला घेतला तेव्हा देवयानीला त्यांनी घरी पिटाळलं. “जा, स्वयंपाक कर. मला भूक लागणार आहे.”

सोमवारी अकरा वाजता मिसेस ड्वायर आल्या. दांडे हलवून बघितले, उतरण बघितली, काकांना उठवून चार पावलं चालवलं. मग दर्शनी भिंतीपाशी येऊन त्यांच्या कपाळाला आठी पडली. “ही भिंत बंद करायला सांगितली होती. इथे तर विटासुद्धा निघाल्या आहेत.” त्यांनी बोट पुढे केलं. बोट नितळ भिंतीवरून सरकत गेलं. बोटाला धूळ लागली नाही. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि नाक टेकेल इतक्या जवळ जाऊन पाहिलं. सत्यजितनं तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं टॉर्च मारून दाखवला, कारण गिलावा त्याचा होता.

“आणि मधे हे भोक कशाला?” मिसेस ड्वायर शेवटी म्हणाल्या.

“हवा खेळायला,” काका म्हणाले.

बाईंनी नवव्या कामापुढे बरोबरची खूण केली आणि तळाशी सही ठोकली. सत्यजित मॉरीला फोन करायला अंगणात धावला. या खेपेला नेटवर्क होतं.

देवयानी चौकोनासमोर उभी राहिली. मधल्या विटा काढलेल्या होत्या आणि त्या खाली नीट एकावर एक रचून ठेवल्या होत्या. आत अंधार होता. तिनं पुन्हा पाहिलं. भोक चांगलं ऐसपैस होतं, जवळजवळ काठापर्यंत गेलेलं.

“काका, तुम्ही तर म्हणाला होतात जागा लहान होती.”

“होती,” फिशेलकाका म्हणाले. ते खुर्चीत मागे रेलले होते आणि बोटांवरचा तांबडा रंग पायजम्याला पुसत होते. “आता दोघांची केली आहे. तिला हवं तेवढं खोकू दे.”